पट माळ्यावर राहू द्या, तुम्ही तिच्याशेजारी बसा

पत्र

"माझी मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीत. सात वर्षांची असल्यापासून बुद्धिबळ खेळते. आम्ही सांगलीचे, मी स्वतः कॉलेजात असताना जिल्ह्यापर्यंत खेळलो आहे. मे महिन्यात पुण्याच्या स्पर्धेत ती शेवटच्या तीन फेऱ्या लागोपाठ हरली आणि रेटिंग धाडकन खाली आलं. तेव्हापासून पट आणि घड्याळ माळ्यावर. तिच्या टेबलासमोर मी नागपूरच्या दिव्या देशमुखचा फोटो लावला होता, तोही उतरवला. आता रोज रात्री एक जपानी कार्टून बघत बसते, आणि तेही पटावरच्या खेळाचंच! चष्मा लावलेला एक मुलगा, नदीवरचा पूल, तीन बहिणी आणि मांजरं. एकच सीझन, तिसऱ्यांदा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचं नाव काढून 'झीरो' लिहिलंय. ते बघितल्यापासून तिच्या आईला झोप नाही. मी तिला रागवत नाही. त्या दिवशी पुण्याहून येतानाही एसटीत एक शब्द बोललो नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रागावलोच असतो. वायफाय बंद करू का? आणि तिला परत पटावर कसं आणू? — एक बाबा, सांगली"

उत्तर

नमस्कार,

आधी वायफायचं सांगते. बंद करू नका. तुमची लेक जे बघते आहे ते मी बघितलेलं आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीने मला शेजारी बसवून सगळा पहिला सीझन दाखवला होता. मालिकेचं नाव 'सान्गात्सु नो लायन', म्हणजे मार्च महिन्यातला सिंह. चिका उमिनो या लेखिकेची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००७ पासून 'यंग अ‍ॅनिमल' या नियतकालिकात येते आहे. तिचा पहिला सीझन एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर ऑक्टोबर २०१६ ते मार्च २०१७ या काळात लागला. एकूण बावीस भाग. लहान मुलांचं कार्टून म्हणून सोडून देण्यासारखं हे काम नाही. जपानमध्ये मांगासाठी तेझुका पुरस्कार फार मानाचा, आणि २०१४ चा मुख्य पुरस्कार या चित्रकथेला मिळाला आहे.

आता 'झीरो'. गोष्टीतल्या मुलाचं नाव रेई किरियामा. रेई या अक्षराचा अर्थच शून्य. पहिल्या भागात अगदी सुरुवातीला त्याची मानलेली बहीण त्याला याच नावावरून टोचते: घर नाही, कुटुंब नाही, मित्र नाहीत, तुला हे नाव शोभतंच. तुमच्या लेकीने ते नाव तिथून उचललं आहे. त्या वयात आवडत्या पात्राचं नाव लावायची हौस असते, त्यामुळे एवढ्यावरून घाबरून जाऊ नका. पण इतक्या पात्रांमधून तिने नेमकं हेच का निवडलं, हा प्रश्न मात्र मनात ठेवा. तिला विचारू नका, फक्त मनात ठेवा. तुमच्या पत्राचं उत्तर मला तिथेच सापडतंय.

गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे टीव्हीसमोर बसल्यावर तुम्ही कोरे नसाल. रेई सतरा वर्षांचा आहे आणि शोगीचा व्यावसायिक खेळाडू आहे. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. आपल्या चतुरंगाचाच तो दूरचा नातू, त्यामुळे तुम्हाला अर्धा खेळ बघताबघता कळेल. नऊ बाय नऊचा पट, प्रत्येकी वीस सोंगट्या, हत्ती एकच आणि उंटही एकच, घोडा फक्त पुढेच उडी मारतो. सगळ्यात मोठा फरक हा, की मारलेली सोंगटी मरत नाही. ती मारणाऱ्याच्या हाती जाते आणि पुढे त्याच्याच बाजूने पटावर उतरते. डाव हरताना खेळाडू स्वतः मान लवून "हरलो" असं म्हणतो, आणि मग दोघे तिथेच बसून तो डाव पुन्हा मांडून बघतात. हे तुमच्या लेकीला आता तुमच्याहून जास्त माहीत असणार. तिला विचारा. घोडा मागे का येत नाही, असं तुम्ही विचारलंत आणि तिने अर्धा तास समजावून सांगितलं, तर तो अर्धा तास मेपासूनचा सगळ्यात चांगला गेला असं समजा.

रेईचे आईवडील आणि धाकटी बहीण अपघातात गेले. अंत्यविधीला नातेवाईक जमलेत, या पोराचं आता करायचं काय याची कुजबुज चाललेली आहे, आणि तो कोपऱ्यात बसलेला आहे. तिथे वडिलांचे जुने मित्र कोदा येतात. ते शोगीचे व्यावसायिक खेळाडू. ते त्याला एकच विचारतात: तुला शोगी आवडतं का? मुलगा म्हणतो, हो.

ते खोटं होतं. त्याला शोगी आवडत नव्हतं. वडील खेळायचे म्हणून, वडिलांचा वेळ मिळावा म्हणून तो खेळायचा. पण त्या क्षणी "हो" म्हटल्याशिवाय त्याला घर मिळणार नव्हतं. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर चालण्यासारखं आहे तो कसला प्रश्न? आणि पुढची सगळी वर्षं हा मुलगा त्या एका खोट्या "हो"ची किंमत फेडत राहतो.

कोदांच्या घरी दोन स्वतःची मुलं, क्योको आणि अयुमु. दोघंही शोगी शिकत होती. रेई आला आणि हळूहळू दोघांच्या पुढे गेला. रेईला हरवू शकत नसशील तर व्यावसायिक होणं तुझ्याच्याने होणार नाही, तेव्हा सोडून दे, असं वडिलांनी मुलीला सांगितलं. मुलाने स्वतःच खेळ सोडला, खोलीचं दार लावून घेतलं आणि व्हिडिओ गेममध्ये बुडाला. रेई स्वतःला कोकिळेच्या पिल्लाच्या जागी बघतो. जपानमधला तो पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो आणि त्याचं पिल्लू मूळ पिल्लांना बाहेर ढकलून देतं. (आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात वाढते खरी, पण तिचं पिल्लू सहसा कावळ्याच्या पिल्लांना ढकलत नाही. मला ते ऐकून उगीच बरं वाटलं होतं.) शेवटी आपण इथे राहिलो तर हे घर मोडेल, म्हणून तो घर सोडतो आणि तोक्योमध्ये नदीकाठी एकटा राहायला लागतो. त्या घराच्या खिडक्यांना पडदेसुद्धा नाहीत.

मुद्दाम सांगते, कोदा वाईट माणूस नाही. त्याने कुणाला उपाशी ठेवलं नाही, एका पोरक्या मुलाला आधार दिला. त्याच्या घरात फक्त एवढंच झालं, की पोरं बापाला शोगीतूनच दिसायला लागली. बाबा, हे भाग बघताना तुम्हाला बसवणार नाही कदाचित. उठू नका. ती तुमच्याकडे बघत असेल.

आता पुण्याच्या एसटीकडे येते. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, आणि मी ती ओळ पाचसहा वेळा वाचली. पुण्याहून सांगली म्हणजे चारपाच तास. शेजारी बाप, मांडीवर पटाची पिशवी, आणि सातारा गेलं, कराड गेलं तरी बाप बोलत नाही. तुम्ही गप्प होतात ते तिच्यावर तोंडसुख घ्यायचं टाळावं म्हणून. तुमच्या दृष्टीने तुम्ही स्वतःला आवरलंत, आणि ते सोपं नसतं हे मी जाणते. पण हे तिला कुठे ठाऊक आहे? तिला फक्त एवढंच समजलं, की हरल्यावर बाबा बोलत नाहीत. जिंकल्यावर काय होत होतं ते आठवून बघा. चहासाठी गाडी थांबली की वडापाव, आईला फोन, मित्रांना फोन, एकेका चालीची उजळणी? तसं असेल तर त्या दिवशी तिला बसमध्ये डाव्या-उजव्या हातासारखा फरक दिसला असणार.

माझ्या बाबतीत हे गाण्याचं झालं होतं. चौदाव्या वर्षी एका परीक्षेत मी नापास झाले. गुरुजी रागावले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त पुढच्या आठवड्यापासून मला मागच्या रांगेत बसवू लागले. कुणी काही बोललंच नाही, म्हणून मलाही काही विचारता आलं नाही. दोन महिन्यांनी मी जाणं बंद केलं, आणि गाण्याचा कंटाळा आला असं घरी सांगितलं. सगळ्यांनी ते खरं मानलं. मीही बरीच वर्षं मानत होते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तुम्ही विचारलंय तसं देता येत नाही. तिला परत पटावर कसं आणायचं हे मी सांगणार नाही, कारण तुम्ही त्या हेतूने तिच्याशेजारी बसलात तर तिला पहिल्या पाच मिनिटांत कळेल. पंधरा वर्षांची खेळाडू आहे ती, समोरच्याची पुढची चाल ओळखणं तिला चांगलं जमतं. पट माळ्यावर राहू दे. तुम्ही बसा मात्र तिच्याशेजारी.

कसं बसायचं? "मलाही बघायचंय, पहिल्यापासून लाव" एवढंच म्हणा. नको म्हणाली तर आठवडाभर थांबून पुन्हा म्हणा. आईलाही बोलवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. बघताना भाष्य करू नका; "बघ, तोसुद्धा हरला तरी खेळतो" हे वाक्य तर चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. पहिल्या भागात बराच वेळ जवळजवळ कुणी बोलतच नाही. मुलगा उठतो, पूल ओलांडतो, शोगीच्या इमारतीत जातो, समोर बसलेल्या माणसाबरोबर खेळतो आणि जिंकतो. समोरचा माणूस कोदा आहे. जिंकूनही पोराच्या चेहऱ्यावर काही नाही. मग संध्याकाळी निरोप येतो, आज आमच्याकडे करी आहे, जेवायला ये. तिथून त्या तीन बहिणी सुरू होतात.

त्या बहिणींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते तुमची लेक शोगीसाठी नाही, त्यांच्यासाठी परत परत बघते आहे. अकारी, हिनाता आणि चिमुरडी मोमो. यांचीही आई गेलेली, आजी गेलेली. आजोबांचं जपानी मिठाईचं दुकान. घर जुनं, छोटं, मांजरांनी भरलेलं. या घरात रेईच्या डावाचा निकाल काय लागला हे जेवणाच्या आधी कुणी विचारत नाही. तो एकटाच तापाने फणफणत पडलेला असतो तेव्हा या बहिणी दारात येऊन त्याला उचलून दवाखान्यात नेतात आणि मग आपल्या घरी आणतात. नवीन वर्षाचे दिवस तो त्यांच्याकडे पांघरुणात काढतो. त्या भागात काहीही घडत नाही. भाची मला म्हणाली, मावशी, मी सगळ्यात जास्त वेळा हाच बघते.

हरण्याचं म्हणाल, तर या सीझनमध्ये हरणारी माणसं जितकी जवळून दिसतात तितकी मी दुसरीकडे बघितली नाहीत. मात्सुनागा नावाचे पासष्ट वर्षांचे खेळाडू आहेत. चाळीस वर्षं खेळून आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभे, आणि समोर नातवाच्या वयाचा रेई. ते हरतात. रेई त्यांना तोच प्रश्न विचारतो, तुम्हाला शोगी आवडतं का? म्हातारा भडकतो. मला काय माहीत! जिंकलो की गल्लीभर ओरडत पळावंसं वाटतं, हरलो की आतडी पिळवटतात, जगण्यात राम नाही असं वाटतं. असं म्हणूनही खेळ काही सुटत नाही. तुम्ही जिल्ह्यापर्यंत खेळलात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. या प्रसंगानंतर टीव्ही थांबवून तुमची स्वतःची एखादी हार तिला सांगता आली तर सांगा. कॉलेजातली. त्या रात्री तुम्ही घरी येऊन काय केलंत तेही. त्यातून निघणारा धडा मात्र सांगू नका.

दुसरा आहे यासुई. नाताळच्या सुमारास रेईशी हरतो, आणि मुलीसाठी घेतलेली भेटवस्तू तिथेच विसरतो. तिच्याबरोबरचा त्याचा हा शेवटचा नाताळ, कारण घर मोडलेलं. रेई पिशवी घेऊन मागे धावतो, यासुई ती हिसकावून घेतो. मग रेई अंधारात पळत सुटतो आणि किंचाळतो, माझ्यावर का ढकलता, तुम्ही हरलात यात माझा काय दोष, माझ्याकडे याशिवाय आहेच काय! तोपर्यंत जो मुलगा धड आवाज चढवत नाही तो असा फुटतो. भाचीने तिथे माझा हात धरला होता.

आणि शिमादा. पोटाच्या दुखण्याने कायम बेजार असलेला, यामागाता प्रांतातल्या खेड्यातून आलेला. लहानपणी रात्रीच्या बसने तोक्योला खेळायला यायचा, गावाने त्याच्यासाठी काय काय केलेलं. मोठ्या किताबाच्या लढतीत तो सोया नावाच्या विजेत्याशी लागोपाठ चारही डाव हरतो. चौथा डाव क्योतोला होतो; तो जिंकला असता तर पुढचा डाव त्याच्याच भागात, तेन्दो शहरात होणार होता. जपानमधल्या शोगीच्या बहुतेक सोंगट्या त्या गावात बनतात. गाववाले वाट बघत राहतात, आणि त्यांचा माणूस तिथे पोचण्याआधीच हरतो. मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जवळचा हाच वाटेल.

दिव्याच्या फोटोचं तुम्ही लिहिलंत. २०२५ च्या जुलैमध्ये एकोणिसाव्या वर्षी तिने महिला विश्वचषक जिंकला तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तुमच्या लेकीने तो उतरवला याचा अर्थ तिने महत्त्वाकांक्षा सोडली असा लगेच लावू नका. गोष्टीतला रेई हा नववी संपायच्या आत व्यावसायिक झालेला पाचवा खेळाडू आहे. चिका उमिनोंनी हे लिहायला घेतलं तेव्हा प्रत्यक्षात असे चारच होते. ज्या ऑक्टोबर २०१६ मध्ये ही मालिका सुरू झाली, त्याच महिन्यात सोता फुजी चौदाव्या वर्षी खरोखरचा पाचवा ठरला, आणि २०२३ मध्ये त्याने शोगीचे आठही किताब स्वतःकडे घेतले. म्हणजे तुमची लेक एका पराभूत मुलाची गोष्ट बघत नाहीये. ती एका अलौकिक मुलाची गोष्ट बघते आहे, ज्याच्या घराला पडदे नाहीत. फोटो परत लावायचा की नाही ते तिला ठरवू द्या.

थोड्या काळजीच्या गोष्टी. या सीझनमध्ये क्योको आणि एका विवाहित खेळाडूचं प्रकरण आहे, एकदोन ठिकाणी मारहाण आहे. "हे असलं बघतेस?" म्हणून ताडकन उठू नका, पंधराव्या वर्षी याहून पुष्कळ काही कानावर आलेलं असतं. दुसरा सीझन शाळेत एका मुलीला वाळीत टाकून छळण्याबद्दल आहे. तो फार सुंदर आहे पण जड आहे, तोही एकटीने बघू देऊ नका. आणि दहावीचं वर्ष आहे, तेव्हा रात्री किती वाजेपर्यंत बघायचं हे जरूर ठरवा, पण तिच्याशी बोलून. रोज एक भाग जेवणानंतर, तिघांनी मिळून, असं ठरलं तर बावीस दिवस मिळाले तुम्हाला.

तिच्या आईची झोप गेली आहे, तीही मी बाजूला टाकत नाही. लेक जेवते का, झोपते का, मैत्रिणींशी बोलते का, अंघोळ-वेणी नीट चालू आहे का, "मी कशालाच उपयोगी नाही" असं पुन्हा पुन्हा म्हणते का, हे बघा. यातलं बरंचसं बिघडलेलं दिसलं आणि आठवड्यामागून आठवडे तसंच राहिलं, तर समुपदेशकाकडे न्यायला लाजू नका. जीव नकोसा झाल्यासारखं ती काही बोलली तर मात्र एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून आधी तुम्ही दोघांनीही बोलायला हरकत नाही. या मालिकेच्या शोगीच्या बाजूवर देखरेख करणारे मनाबू सेन्झाकी हे स्वतः नऊ दान या सर्वोच्च दर्जाचे व्यावसायिक खेळाडू. २०१७ मध्ये त्यांना नैराश्याने गाठलं. खेळ थांबवावा लागला, उपचार घेतले, मग पटावर परतले आणि या आजारपणावर पुस्तकही लिहिलं. तुमच्या लेकीला हे कदाचित ठाऊक नसेल. योग्य वेळ बघून सांगा.

रेईच्या शाळेत हायाशिदा नावाचे एक मास्तर आहेत. ते त्याला सांगतात ते मला फार पटलं: एकट्याने निभेनासं झालं की कुणाचा तरी हात धर, नाहीतर तुझा हात धरायलाही कुणी येऊ शकणार नाही. हे ऐकल्यावर रेई शिमादाकडे जातो, आणि ज्याने त्याला धूळ चारली त्यालाच म्हणतो, मला तुमच्यात शिकायला घ्या. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी कितीतरी मुलांना पटावर बसवलं, तुमच्या गावात बुद्धिबळ शिकवणाऱ्यांची वाण नाही. तिला जेव्हा केव्हा कुणाकडे जावंसं वाटेल, तेव्हा ते तुम्हीच असायला हवं असं नाही. शिकवणारं दुसरं कुणी असू द्या. तुम्ही करीवाल्या घरातले व्हा.

एसटीचं मात्र तिला सांगा. मालिका संपायची वाट बघू नका, आणि समोरासमोर बसवून गंभीर चेहऱ्यानेही नको. भाजी आणायला दोघं निघालात की चालता चालता सांगा: त्या दिवशी मी गप्प होतो, कारण मला रागवायचं नव्हतं. तुला ते कसं वाटलं असेल हे मला तेव्हा सुचलं नाही. चुकलं माझं. ती काही बोलली नाही तरी चालेल. "असू दे बाबा" म्हणाली तरी तिथे थांबा, पुढे स्पर्धेचा विषय काढू नका.

आणि तिसऱ्यांदा बघताना ती कुठला भाग मागे नेऊन पुन्हा लावते, ते तुमच्या लक्षात आलं तर मला जरूर कळवा.